एकोणचाळीस निळे, एक कोरा

राजा सुबाहू अंजनपुरावर राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने त्या नगरीत निळीच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत जन्म घेतला होता. त्याचे नाव पालित. आईबाप गेले होते, बायकोही तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हते. घरात तो एकटा आणि त्याच्या जोडीला निळीचा रांजण.

हा रांजण म्हणजे काय प्रकार असतो ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचे काही उलगडणार नाही. माणूसभर उंचीच्या रांजणात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचे शिजवलेले बी घालायचे, पाणी ओतायचे आणि रोज सकाळी लांब दांड्याने घुसळायचे. पंधरा-वीस दिवसांत तो आंबतो, वर तांबूस झाक असलेला फेस धरतो. मग रंगारी म्हणतात, रांजण उठला. त्यात बुडवलेले कापड वर काढले की आधी हिरवट दिसते आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. हे रोज बघणारी माणसे रांजणाला जिवंत मानत यात नवल नाही. जावयासारखा त्याचा मान ठेवत. त्याच्यासमोर भांडत नसत, शिंकत नसत. आणि जावयासारखाच तो रुसतो अशीही त्यांची पक्की समजूत होती. म्हणून एखादा रांजण मेला, म्हणजे फेस बसून पाणी काळपट पडले, तर काय झाले असे कोणी विचारत नसे. विचारत ते एवढेच, की कोणामुळे रुसला.

पूर्वी हे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले असत. दोन वर्षांपूर्वी नदीला पूर आला, गढूळ पाणी शिरून सगळे रांजण वाया गेले. तेव्हा रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख सुदंत याने गल्लीच्या टोकाला छातीएवढा उंच दगडी ओटा बांधवला आणि सगळ्यांचे रांजण उकरून त्यावर ओळीने मांडले. ओटा खरोखरच देखणा झाला होता. परगावचे व्यापारी मुद्दाम बघायला येत आणि सुदंत त्यांना हात धरून फिरवी. पहिल्या हिवाळ्यात थंडी बेताची होती. दुसऱ्या हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि कार्तिक संपता संपता ओट्यावरचे चाळीसच्या चाळीस रांजण मेले.

मग कोणामुळे, हा शोध सुरू झाला.

रांजण घुसळायचे काम त्या वर्षी रोहिका करीत होती. तिचा नवरा, पालितचा जिवलग मित्र, आषाढात तापाने गेला. घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती. गल्लीनेच दया दाखवून तिला हे काम दिले होते. खरे सांगायचे तर थंडीत पहाटे उठून घुसळायचा कंटाळा सगळ्यांनाच होता, आणि विधवा बाई थोडक्या मोबदल्यात काम करीत होती. पण रांजण मेले आणि सगळ्यांना एकदम आठवले की नवऱ्याला गिळून बसलेल्या बाईचा हात रांजणाला लागला आहे. पहिल्यांदा कोण बोलले कोणास ठाऊक. दोन दिवसांत सगळी गल्ली तेच बोलत होती.

कोणाला गल्लीबाहेर काढायचे झाले तर त्या श्रेणीची एक जुनी रीत होती. लागोपाठ तीन पौर्णिमांना दुपारी सभा भरे. मधोमध पाण्याने भरलेली पांढरी परात ठेवत. वयाने मोठा असेल त्याच्यापासून सुरुवात करून प्रत्येक घरच्या पुरुषाने तीत एकेक धागा सोडायचा. निळा म्हणजे बाहेर काढा, कोरा म्हणजे राहू द्या. पहिल्या दोन सभा नुसता कल बघण्यासाठी, तिसरीचा निकाल पक्का. राग शांत व्हायला माणसाला दोन महिने लागतात हे जुन्या कोणा शहाण्याला ठाऊक असावे. आणखी दोन नियम होते. सभेतली गोष्ट बाहेर न्यायची नाही. आणि निकाल लागेपर्यंत धागा टाकणाऱ्याने त्या माणसाशी बोलायचे नाही, त्याच्या घरी जायचे नाही, त्याला काही द्यायचे नाही की त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. नियम मोडला तर त्याचा धागा बाद. लाच आणि दयामाया दोन्ही परातीपासून लांब राहाव्यात म्हणून हे केले होते.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला पहिली सभा भरली. रोहिकाचा नवरा गेल्यामुळे धागे चाळीस होते. सुदंताने निळा सोडला, मागोमाग सगळे त्याचीच री ओढत गेले. पालितची पाळी मध्यावर आली. त्याने कोरा धागा सोडला.

एकोणचाळीस निळ्या धाग्यांत तो एक कोरा असा उठून दिसत होता की लोकांना हसू आले. सुदंत म्हणाला, "पालित, अरे कमरेला खोचलेला चुकीचा धागा ओढलास की काय?"

"नाही काका. बघूनच टाकला," पालित म्हणाला. "रांजण थंडीने मेले. जमिनीची ऊब होती तोवर जगत होते, वर काढले आणि वारा लागला. रोहिकावहिनींचा त्यात काही संबंध नाही."

"म्हणजे ओटा बांधून मी चूक केली म्हणायची."

"पुरासाठी ओटा बरोबर होता काका. थंडीसाठी नाही. दोन्ही एकदम कोणाला सुचलं असतं?"

यावर पुन्हा हशा पिकला आणि सभा उठली. पालितला वाटले होते, आपले म्हणणे ऐकून दोघे-चौघे तरी विचारात पडतील. वाटेत त्याचा शेजारी तिंदुक भेटला. दोघे एकाच विहिरीवर पाणी भरून लहानाचे मोठे झाले होते, तिंदुक चार वर्षांनी थोरला. पालितने हाक मारली, "तिंदुकदादा." तिंदुकने खांद्यावरचे उपरणे सारखे केले आणि पलीकडच्या बाजूने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पालितने अंगणात खड्डा खणला. ओट्यावरून आपला मेलेला रांजण गाडीवर घालून आणला, गळ्यापर्यंत पुरला, जुने पाणी उपसून टाकले आणि पहिल्यापासून सगळे घातले. विसाव्या दिवशी फेस आला. त्याला फार आनंद झाला. दाराबाहेर येऊन त्याने दोन्हीकडे पाहिले, सांगायला कोणी नव्हते. समोरच्या दारात रोहिका तांदूळ निवडीत बसली होती. तिने वर पाहिले तसा तो आत गेला.

पुरावा डोळ्यांसमोर ठेवला की माणसे मान्य करतात, असा आपला सगळ्यांचा एक भाबडा समज असतो. पौषातल्या पौर्णिमेला पालितने पुन्हा कोरा धागा सोडला, पुन्हा तेच शब्द त्याच आवाजात सांगितले आणि म्हणाला, "माझा रांजण येऊन बघा."

सुदंत शांतपणे म्हणाला, "आमचे एकोणचाळीस मेलेले आणि तुझा एकट्याचा जिवंत. मग त्या बाईनं कोणाला वगळलं ते कळलंच की."

या वेळी कोणी हसले नाही. लोक त्याच्यापासून अंतर राखून उठले. पालित घरी गेला तेव्हा त्याच्या दारावर कोणीतरी शेण फासले होते. ते त्याने धुऊन काढले. राग नव्हता असे मी म्हणणार नाही. पण रागापेक्षा एकटेपणाच जास्त होता. तापलेला माणूस शेजाऱ्याशी भांडून तरी मोकळा होतो. याच्याशी कोणी भांडतही नव्हते.

आठवड्याने सुदंत स्वतः त्याच्याकडे आला. ओसरीवर बसला, पाणी मात्र घेतले नाही. म्हणाला, "माझं वय झालं. माझ्यामागं श्रेणी कोणी बघायची? हात तुझाच चांगला आहे. निळा टाक असंही मी म्हणत नाही. तिसऱ्या सभेला ताप आला म्हणून घरी बस. बाकीचं मी बघतो."

"काका, मला ताप येत नाही," पालित म्हणाला.

सुदंताने धोतराचा सोगा सावरला. मग उठून गेला. हे बोलणे भिंतीपलीकडे तिंदुकने ऐकले आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला माहीत झाले. श्रेणीचे प्रमुखपद घरी चालून आले आणि याने नको म्हटले, हे काही लोकांच्या गळी उतरेना. लोभी म्हणावे तर तो लोभी निघाला नाही. वेडा म्हणावे तर वेडा माणूस दोन-दोन सभांत एकच गोष्ट इतक्या साध्या आवाजात सांगत नाही. मग हा म्हणतोय तरी काय, असे एकेकाला आपापल्या घरात, आपापल्या मेलेल्या रांजणाचा विचार करताना वाटू लागले. चारचौघांत मात्र सगळे पूर्वीचेच बोलत होते.

दही लावायला विरजण लागते, तसे उठलेल्या रांजणातले पाणी नव्या रांजणाला घातले की तो लवकर उठतो. पालितने त्या पाण्याचा एक घडा भरून रोज सकाळी दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. सांगितले काहीच नाही. सहा दिवस घडा भरलेला राहिला. सातव्या दिवशी अर्धा झाला होता. पुढे तो रोज रिकामा होऊ लागला. नेणारा कोण ते दिसत नसे, पालितही बघायला जात नसे. त्याच सुमारास तिंदुकने ओट्यावर आपल्या रांजणाभोवती पेंढा बांधला. कोणी विचारले तर म्हणे, उंदीर फार झालेत. आणखी एकाने उत्तरेकडून गोधडी लावली, म्हणे दृष्ट लागू नये म्हणून. तिसऱ्याने सरळ परसात खड्डाच खणला आणि बायकोला सांगितले की आंब्याचे रोप लावायचे आहे. माघात कोणी आंबा लावतो का? पण बायकोने विचारले नाही, कारण तिनेही तो घडा पाहिला होता.

पालितला यातले काही दिसत नव्हते. त्याला दिसत होते ते समोरचे दार.

रोहिकाचे काम सुटले होते. तिच्या घरातून धूर निघणे आधी एक वेळचे झाले, मग एक दिवसाआड. म्हातारीचा खोकला रस्ता ओलांडून ऐकू येत असे. एका पहाटे धुके पडले होते. पालितने लाकडांची मोळी उचलली आणि रस्ता ओलांडला. दाराशी मोळी ठेवून परत यायचे, एवढेच काम होते. उंबऱ्याशी पोचल्यावर तो थांबला. कोणी पाहिले तर त्याचा धागा बाद, आणि त्या वेळी त्याच्या माहितीप्रमाणे परातीत कोरा धागा तेवढा एकच होता. आत म्हातारी खोकत होती. रोहिका तिला म्हणत होती, "आत्या, अंगावर माझंही घ्या." पालित बराच वेळ उभा राहिला. मग मोळी घेऊन परत आला, दार लावून घेतले आणि त्या दिवशी त्याने स्वतःची चूल पेटवली नाही. तो रडला, हेही सांगितले पाहिजे. बोधिसत्त्व झाला म्हणून त्याला रडू येत नव्हते असे नाही.

चार दिवसांनी म्हातारी गेली. खांदा द्यायला गल्लीतले कोणी आले नाही, कारण नियम सगळ्यांनाच होता. मसणवट्यातली माणसे बोलवावी लागली. एकट्या रोहिकाला तिरडीमागून जाताना चाळीस घरांतल्या माणसांनी दाराच्या फटीतून पाहिले. त्या दिवशी ओट्यावर कोणी गेले नाही.

माघातल्या पौर्णिमेला तिसरी सभा भरली. सुदंताने निळा धागा सोडला. त्याच्यानंतरच्या चौघांनी निळे सोडले. मग तिंदुक उठला. त्याने घाईघाईत सोडलेला धागा परातीच्या काठावर पडला आणि त्याला तो बोटाने आत ढकलावा लागला. धागा कोरा होता. तिंदुकने कोणाकडे पाहिले नाही. त्याच्या पुढच्याने कोरा सोडला. त्याच्या पुढच्यानेही. पालितची पाळी आली तेव्हा परातीत अकरा कोरे धागे पडले होते. त्याने आपला बारावा सोडला. त्याच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

तेवीस कोरे निघाले, सतरा निळे. रोहिका गल्लीत राहणार हे ठरले. सुदंत परातीकडे पाहत बसला होता. मग घसा साफ करून म्हणाला, "ओटा पुरासाठी बांधला होता, थंडीसाठी नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते खरेच तसे आठवत होते. कोणी खोटे बोलत नव्हते, हीच तर गंमत आहे. पंधरा दिवसांत सगळे रांजण पुन्हा जमिनीत गेले आणि ही सुदंताची युक्ती म्हणून शेजारच्या नगरीतले रंगारी शिकायला आले.

पालितशी अबोला कोणी ठरवून धरला नव्हता, त्यामुळे कोणी ठरवून सोडलाही नाही. लोकांना त्याला पाहिले की काहीतरी टोचे. काय ते त्यांना सांगता आले नसते. तिंदुक तेवढा एकदा विहिरीवर म्हणाला, "थंडी ओसरली." पालित म्हणाला, "हो दादा." दोघांनी आपापल्या घागरी उचलल्या.

रोहिकाकडे मात्र आता रीघ लागली. कोणी पेज आणली, कोणी लाकडे, कोणी जुने लुगडे. सभेतले बाहेर सांगायचे नाही हा नियम होता, पण येणारा प्रत्येक जण उठता उठता हळूच सांगून जाई, "माझा धागा पहिल्यापासून कोराच होता हो." चाळीसपैकी एकोणचाळीस घरांनी तिला असे सांगितले. आले नाही ते फक्त समोरचे घर. पालितला जायचे होते. सभा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मोळी घेऊन निघालाही होता, पण तिच्या ओसरीवर माणसे बसलेली दिसली. तो आला असता तर सगळे उठून गेले असते, म्हणून तो परतला.

फाल्गुनात एका सकाळी रोहिकाच त्याच्या अंगणात आली. तो रांजण घुसळत होता.

"भावोजी," ती म्हणाली, "बसायला आले नाही. एक बोलायचंय ते बोलून जाते. सगळी गल्ली माझ्या बाजूनं होती. तरी तीन-तीन सभा झाल्या, म्हणजे कोणीतरी मला बाहेर काढायला बसलं होतं. गल्ली कोणाशी बोलत नव्हती ते मला दिसत होतं. एवढं मलाही कळतं."

पालितने दांडा थांबवला.

"त्या दिवशी धुक्यात तुम्ही दाराशी आला होता. मोळी होती हातात. मी फटीतून पाहिलं. आत्यांना म्हटलं, बघा, यांचा मित्र आलाय. तुम्ही मोळी परत घेऊन गेलात." तिने समोरच्या आपल्या दाराकडे बोट केले. "यांच्याबरोबर एका ताटात जेवलेले तुम्ही. आत्या चार दिवस विचारत होत्या, आला का तो. मी काय सांगू?"

 पालित म्हणाला, "हो वहिनी. मी परत नेली."

"एवढंच?"

"एवढंच."

ती थोडा वेळ उभी राहिली, काही आणखी येईल म्हणून. मग गेली. ती पुढे एकवीस वर्षे समोरच राहिली, सगळ्यांच्या लग्नाकार्यात पुढे असे, तिंदुकच्या नातीचे बाळंतपण तिनेच केले. त्या एकवीस वर्षांत ती पालितशी एक शब्द बोलली नाही. पालित मेला तेव्हा त्याचा रांजण चांगला उठलेला होता.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका विहारात सांगितली. सुभग नावाचा एक भिक्षू त्याच्याकडे येऊन म्हणाला होता, "भगवन्, सगळे एक बोलतात, मी एकटाच वेगळे बोलतो. आता वाटते, आपणही गप्प बसावे." त्याच्यासाठी ही कथा. ती संपल्यावर शास्ता म्हणाला, "त्या वेळचा सुदंत म्हणजे आज पुढच्या ओळीत बसलेला गृहपती भोगमित्र. तिंदुक म्हणजे, सुभगा, तूच. पालित रंगारी मी होतो."

सुभगाने विचारले, "आणि रोहिका?"

शास्ता दाराकडे पाहू लागला. तिथे नेहमी येणारी एक म्हातारी उपासिका खांबाला टेकून बसली होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती हात जोडायचेही विसरली आणि म्हणाली, "मग तेव्हा सांगितलंत का नाही? एकवीस वर्षं होती."

शास्ता म्हणाला, "तुला त्याच गल्लीत राहायचं होतं, बाई. मी गप्प राहिलो, म्हणून तुला एकच वैरी होता. मी बोललो असतो तर एकोणचाळीस झाले असते."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा गुण, पूर्ण केली तिला अधिष्ठान म्हणतात. खरे दिसले त्यावर एकट्याने टिकून राहायचे, आणि ते सगळ्यांचे झाले की त्यावरचे आपले नाव पुसू द्यायचे, असा तिचा अर्थ आहे.